एकोणीस माणसं

"काकू, पिशवी वर ठेवू का तुमची?" असं पोटच्या पोरानं विचारलं, तेव्हा तिला आधी वाटलं, मागच्या सीटवर कोणी काकू बसल्या असतील. तिनं वळूनही पाहिलं. मागे एक तरुण जोडपं एकाच इअरफोनची दोन टोकं दोघांच्या कानांत घालून डोळे मिटून बसलं होतं. त्यांतलं कुणी काकू होण्याच्या वयाचं नव्हतं. मग तिनं पुन्हा समोर पाहिलं. तोच होता. हिरवट टोपी, छातीवर कंपनीचा बिल्ला, कानामागे पेन आणि हनुवटीवर ती खूण. सातव्या वर्षी स्वयंपाकघराच्या ओट्यावरून उडी मारून त्यानं ती कमावली होती. टाके घालताना त्यानं जिचा हात आवळून आवळून लाल केला होता, त्याच बाईला तो आज काकू म्हणत होता, आणि तेही चेहऱ्यावरची रेष न हलवता. "असू दे मांडीवरच," ती म्हणाली. "बरं," तो म्हणाला, हातातल्या यादीवर बरोबरची खूण केली आणि पुढच्या सीटकडे वळला. झालं. आठ महिन्यांच्या अबोल्यानंतर मायलेकांची गाठ पडली ती एवढीच. सकाळचे सहा वाजले होते, चौकातले दिवे अजून विझले नव्हते, आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक कुत्रं ढाराढूर झोपलेलं होतं. तिला त्या कुत्र्याचा हेवा वाटला. गेले तीन आठवडे रोज अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं ही भेट निरनिराळ्या तऱ्हांनी रचून पाहिली होती. तो रागावेल, तो रडेल, तो बसमधून उतरून दुसऱ्या गाइडला पाठवेल, फार झालं तर सगळ्यांसमोर मिठी मारेल आणि आपल्याला लाजल्यासारखं होईल. काकू तिच्या हिशेबातच नव्हतं.

आता यादीत नाव तरी कुठे तिचं होतं म्हणा. तिकीट होतं वॉर्डातल्या सिस्टरच्या नावावर. आपलं नाव दिसलं तर पोरगा त्या दिवशी सुट्टी टाकेल, अशी तिला धास्ती होती. ही सिस्टर मागच्या महिन्यात याच सहलीला, याच अभयारण्यात जाऊन आली होती आणि तिथल्या गाइडचं कौतुक सांगताना थकत नव्हती. झाडं काय ओळखतो, पक्ष्यांच्या शिट्ट्या काय वाजवतो, आणि एक गंमत म्हणजे बसमधली माणसं अगदी तुमच्यासारखी मोजतो, दोन बोटांनी, असं ती म्हणाली. तेव्हा हिच्या हातात उशांच्या खोळी होत्या. त्या तिनं खाली ठेवल्या, आणि हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत तीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी मोजणी अर्धवट सोडलेली सिस्टरनं पाहिली. घरी तिनं सांगितलं की बहिणीकडे जाऊन येते, सकाळी लवकर निघते, रात्रीपर्यंत परत. नवऱ्यानं पेपरातून डोकं वर न काढता हूं केलं. खोटं पचलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि एवढं सहज पचलं म्हणून थोडं वाईटही वाटलं.

तेवढ्यात पोरगा ड्रायव्हरशेजारी उभा राहिला आणि मोजायला लागला. उजव्या हाताची दोन बोटं जुळवून, हवेत हलकेच टिचक्या मारल्यासारखी पुढे पुढे नेत, ओठ हलवत पण आवाज न करता. ती बघतच राहिली. ही बोटं तिची होती, हे ओठही तिचेच. लाँड्रीतून आलेल्या चादरींच्या थप्प्या ती अशाच मोजायची. नऊ उभ्या, दहावी आडवी, पुन्हा नऊ उभ्या, दहावी आडवी. म्हणजे मध्येच कुणी हाक मारली तरी कुठपर्यंत आलो ते थप्पीच सांगते. शाळा सुटली की पोरगा थेट त्या खोलीत यायचा. ब्लँकेटांच्या ढिगावर चढून बसायचा, गृहपाठ करायचा, नाहीतर नुसता बघत बसायचा. गरम इस्त्रीचा आणि साबणाचा वास सगळीकडे भरलेला असायचा, आणि एक कायदा होता, मोजताना बोलायचं नाही. भूक लागली तरी नाही, पडलं झडलं तरी नाही. तो कायदा त्यानं इतका पाळला की एकदा ढिगावरून घसरून कपाटाच्या मागे अडकला, तरी ती शंभरीला पोचेपर्यंत गप्प राहिला आणि मग म्हणाला, आई, आता रडू का? बसमध्ये बसल्या बसल्या तिला हे आठवलं आणि हसू आलं. शेजारच्या बाईंना वाटलं, त्यांच्याकडे बघून हसली. त्याही हसल्या.

"एकोणीस," तो ड्रायव्हरला म्हणाला. मग माईक घेऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं की एकोणीस माणसं घेऊन निघतोय आणि एकोणीस घेऊनच परत येणार, अठरा चालणार नाहीत आणि वीस तर मुळीच नाहीत. माझी खोड आहे, प्रत्येक ठिकाणी मोजणार, राग मानू नका. मी आणि हे आमचे ड्रायव्हरमामा मोजणीत नाही, आम्ही घरचे. लोक हसले. तीही हसली आणि लगेच तिच्या मनात आलं, आपण मात्र मोजणीत आहोत. एकोणिसांतले एक. पैसे भरून आलेल्या.

शहर सुटायला तासभर लागला. गोदामं गेली, टायरांची दुकानं गेली, अर्धवट बांधलेल्या इमारती गेल्या आणि मग एकदम दोन्ही बाजूंना काहीच नाही असं झालं. नुसतं गवत. तिनं पाय लांब केले आणि तिचं लक्ष आपल्या पायांकडे गेलं. पायात कॅनव्हासचे बूट होते. पहाटे अंधारात दाराशी जे होतं त्यात तिनं पाय घातले होते. पण ती तर रोज चपला घालते. हे बूट गेली चार वर्षं माळ्यावर होते. ते माळ्यावरून कुणी काढले, कुणी पुसले, आणि नव्या लेस कुणी ओवल्या? ओवण्याची ती तऱ्हा तिच्या ओळखीची होती, पट्ट्या सरळ आडव्या, कुठेही फुली नाही. तिचा नवरा आयुष्यभर प्रयोगशाळेतले तराजू दुरुस्त करत आला होता, आणि त्याला फुल्या खपत नसत. म्हणजे त्याला माहीत होतं. बहिणीच्या फ्लॅटवर जायला कुणी जंगलात चालायचे बूट काढून ठेवत नाही. हूं करून पेपर वाचत बसलेल्या त्या माणसाचा तिला एकाच वेळी राग आला आणि मायाही वाटली. एवढं कळतं तर स्वतः का नाही आला? पण तो यायचा नाही. पोरानं विमा कंपनीतली खुर्ची सोडली तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं होतं की आता जन्मभर लोकांना माकडं दाखवत फिर. नंतर ते वाक्य त्यालाच टोचत होतं, हे तिला दिसत होतं. पण तराजू दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपलं वजन चुकलं असं म्हणणं फार जड जातं.

आणि तिचं स्वतःचं काय? नवऱ्याकडे बोट दाखवायची तिला तरी कुठे सोय होती. बाप बोलला त्यानंतर सव्वा वर्ष पोरगा तिला फोन करत होता. रोज दुपारी दोनला, चादरींच्या खोलीतल्या टेबलावरच्या फोनवर. घरी करायचा नाही. मग आठ महिन्यांपूर्वीची ती दुपार आली. फोन वाजला तेव्हा दोन नव्हे, अकरा वाजले होते. त्या दिवशी तपासणी होती, दोनशे चादरींची तूट निघत होती, वरचे साहेब दारात उभे होते. पोरगा धापा टाकत होता. आई ऐक, आत्ता मी काय पाहिलं माहीत आहे का, नदीत पाणमांजर, तिची पिल्लं, आई ऐक ना. तिची दोन बोटं थप्पीवर होती, आकडा ओठांवर होता. आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा कायदा मोडला, मोजता मोजता बोलली. "मोजू दे रे मला. इथे माणसं कामं करतायत." बरं, असं तो म्हणाला. सकाळी पिशवीवरून म्हणाला तसंच, तितकंच छोटं. फोन ठेवला गेला. आकडा तर चुकलाच, पण दुसऱ्या दिवशी दोन वाजता फोन वाजला नाही, आणि मग वाजलाच नाही. तिनं चार वेळा उलट फोन लावला, चारही वेळा वाजायच्या आत ठेवून दिला. काय बोलणार? बापाचं वाक्य निदान रागातलं होतं. तिचं कामातलं होतं, सहज निघालेलं, म्हणजे आतून तिलाही तसंच वाटत होतं असंच तो समजणार. तेवढं एक वाक्य परत घ्यायला ती या बसमध्ये बसली होती. बाकी तिला जंगलाशी काही देणंघेणं नव्हतं.

अभयारण्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं वहीत एकोणीस लिहून घेतले आणि संध्याकाळी सहाच्या आत बाहेर पडायचं असं बजावलं. तिथून पुढे पोरगा कुणी वेगळाच झाला. ती त्याला चोरून बघत होती. पायवाटेवर तो सगळ्यांच्या पुढे चालायचा, पण मागच्याचा श्वास लागला की पाठ न वळवताच थांबायचा. चिखलातला एवढासा ठसा दाखवताना असा उकिडवा बसायचा की जणू घरात हरवलेलं बटण शोधायला बसलाय. एका मोठ्या कॅमेरेवाल्यानं त्याला दरडावून विचारलं की एवढे पैसे भरलेत, अस्वल कधी दिसणार, तर तो म्हणाला, अस्वलाला आपण येतोय हे कळवलंय, पण त्यानं उत्तर दिलेलं नाही. कॅमेरेवाला आधी गुरगुरला, मग स्वतःच हसला. आणि तिला मात्र दिवसभर काकू. काकू, इथे दगड निसरडा आहे. काकू, पाणी प्या. तुम्ही दमलात का काकू. पहिल्या काकूला तिनं मागे वळून पाहिलं होतं. दुसऱ्याला राग आला. मुद्दाम करतोय, मला माझी जागा दाखवतोय. मग तिच्या लक्षात आलं की पाणी प्या हे त्यानं एकोणिसांत तिला एकटीलाच सांगितलं होतं, कारण तिला पाणी प्यायची आठवण राहत नाही, हे त्याच्याशिवाय इथे कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतरच्या काकूंचा हिशेब तिनं सोडून दिला.

जेवणाच्या वेळी शेजारच्या बाई तिच्या जवळ येऊन बसल्या. दातांच्या डॉक्टर होत्या, सफरचंदसुद्धा रुग्णाला तपासावं तशा बघून खात होत्या. मुलं किती, म्हणून विचारलं. एक. काय करतो? गेली दोन वर्षं या प्रश्नाला ती विमा कंपनी असं उत्तर देत आली होती. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, हॉस्पिटलात. खोटं नव्हतं तसं, जुनं होतं. समोर दहा पावलांवर पोरगा पाठमोरा उभा राहून ड्रायव्हरमामांच्या डब्यातली पोळी खात होता. त्याचा हात मधल्यामधे थांबला. ऐकतोय. लहानपणीही याला पाठीनं ऐकायची सवय होती.

"माझंच काम करतो," ती म्हणाली, जरा मोठ्यानंच. "मोजतो. आणि माझ्यापेक्षा चांगलं करतो, मोजताना लोकांशी बोलतोसुद्धा."

डॉक्टरांना काही बोध झाला नाही, पण त्यांनी मान डोलावली. पोराच्या हातातला घास पुढे सरकला. त्यानं वळून पाहिलं नाही.

दुपारी तो त्यांना नदीच्या वळणावर घेऊन गेला. पाणी उथळ होतं, पलीकडच्या काठावर मुळांमध्ये काळी काळी भोकं दिसत होती. लोक दगडांवर पांगले. ती एकटी एका ओंडक्यावर बसली, तेव्हा तो आला आणि तिच्या पायाशी वाकला. लेस सुटलीय, म्हणाला. सुटली नव्हती, सैल झाली होती. त्यानं गाठ सोडली आणि तो थबकला. त्या सरळ आडव्या पट्ट्यांवरून त्यानं बोट फिरवलं, एक, दोन, तीन. मग त्यानं गाठ मारली, गरजेपेक्षा घट्ट. तिला बोलायचं होतं. वाक्य तीन आठवडे घोकलेलं होतं, आणि आता त्यातला पहिला शब्दसुद्धा सापडेना. काकूच्या तोंडून आईचं वाक्य कसं काढायचं? मग तिला सुचलं, की काकू आहोत तर काकूच राहू.

"माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत," ती म्हणाली. "हॉस्पिटलात असतात. त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय."

तो वर बघेना. "काय म्हणतात?"

"म्हणतात, त्या दिवशीच्या चादरी मोजून झाल्या. आता वेळ आहे. काय पाहिलं होतं ते सांगतोस का, असं विचारलंय."

नदीचा आवाज मघापासून होताच, पण तो तिला आत्ता ऐकू आला. पोरगा तिच्या पायाशी जमिनीवरच बसला, गुडघ्यांना मिठी मारून, ब्लँकेटांच्या ढिगावर बसायचा तसा. आणि सांगू लागला. तीन पिल्लं होती. लोकांना वाटतं, पाणमांजराच्या पिल्लांना पोहायला येतंच. येत नाही. घाबरतात पाण्याला. आईनं मानेला धरून एकाला ओढत आणलं, बुडवलं, वर काढलं. ते ओरडलं आणि मग पोहायला लागलं. दुसऱ्याचंही तसंच. तिसरं मात्र निसटलं आणि परत बिळात. ती बाहेर आली, बिळाशी गेली, आत डोकावली, पुन्हा पाण्यातल्या दोघांकडे, पुन्हा बिळाशी. तिला दोघांना सोडवेना आणि तिसऱ्यालाही सोडवेना. हातानं दाखवत होता तो, इथे बीळ, इथे पाणी. त्याचा आवाज त्या दिवशीच्या फोनमधला होता, तसाच धापा टाकणारा. आणि आठ महिन्यांपूर्वी आपण काय ऐकायचं नाकारलं ते तिला आत्ता पुरतं कळलं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"मग? तिसऱ्याचं काय झालं?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "फोनची रेंज त्या वरच्या टेकडीवरच मिळते. मी फोन करायला चढलो होतो. परत येईपर्यंत तिथे कुणी नव्हतं."

त्यानं एक खडा उचलून पाण्यात टाकला आणि हळूच म्हणाला, "त्या बाईंना सांगा, सकाळी माझ्या तोंडून एक भलताच शब्द गेला. त्या दिसल्या आणि मी गांगरलो. एकदा गेल्यावर तो मागे कसा घ्यायचा तेच कळेना."

"त्यांनाही नेमकं तेच कळेना," ती म्हणाली. "म्हणून तर मला पाठवलं."

तेवढ्यात कॅमेरेवाल्यानं हाक मारली, त्याला पाण्यात काहीतरी हललेलं दिसलं होतं. ओंडका निघाला. पोरगा उठून गेला. पाणमांजर काही त्या दिवशी दिसलं नाही.

परतीच्या वेळी फाटकाशी बस थांबली तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. पहारेकरी वही घेऊन दारात उभा राहिला. पोरानं दोन बोटं वर केली, माणसं मोजली आणि भुवया आक्रसल्या. पुन्हा मोजली. "अठरा," तो म्हणाला. सगळी बस त्याच्याकडे बघायला लागली. दिवसभरात चार वेळा मोजणी झाली होती, चारही वेळा एकोणीस भरले होते. नदीवरून निघताना घाई झाली, तेवढी एकच वेळ त्यानं मोजलं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या शेजारी पाहिलं. जोडप्यानं इअरफोन काढले. डॉक्टरांनी आपणहून मोजून पाहिलं, पण त्या ड्रायव्हरमामांनाही धरत होत्या, त्यांचा मेळच बसेना. पहारेकरी म्हणाला, मग एक माणूस आत राहिलं, आता अंधार पडेल. पोराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो तिसऱ्यांदा मोजू लागला आणि मध्येच आकडा विसरून पुन्हा पहिल्या सीटपासून सुरू झाला. ती ताडकन उठली. तिला दुसरं काही सुचलंच नाही. समोर पोरगं घाबरलेलं होतं आणि आकडा भरत नव्हता, आणि या दोन्ही गोष्टी तिच्या कामातल्या होत्या.

"कुणी बोलू नका," तिनं चादरींच्या खोलीतल्या आवाजात सांगितलं, आणि बस चिडीचूप झाली. ती दोन सीटांमधल्या वाटेत उभी राहिली, दोन बोटं जुळवली आणि पुढून मागे निघाली. ओठ हलत होते. कॅमेरेवाला, डॉक्टर, जोडपं, मागच्या बाकावरचे चौघे. नऊ उभ्या, दहावी आडवी. शेवटाला पोचली आणि तिची बोटं हवेतच थांबली.

"अठराच आहेत रे," ती म्हणाली.

आणि तिनं पाहिलं तर पोरगा तिच्याकडे बघत होता. तिच्या हवेत थांबलेल्या दोन बोटांकडे. आधी त्याच्या हनुवटीवरची ती खूण हलली, मग ओठ, मग तो हसायलाच लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला काही कळेना. मग एकदम तिला स्टेशनचा तो फलाट आठवला, गर्दी, ट्रंका, सासूबाई, नणंद, नणंदेची दोन पोरं, नवरा, हा चार वर्षांचा. तिनं सगळ्यांना मोजलं होतं, सहाच भरले होते, सात हवे होते, आणि तिनं ओरडून सगळा फलाट गोळा केला होता. स्टेशन मास्तरांपर्यंत गोष्ट गेली, तेव्हा यानंच तिचा पदर ओढला होता. पुढे कितीतरी वर्षं नवरा ती घराबाहेर पडताना म्हणायचा, निघालीस, पण स्वतःला मोजलंस का? ती स्वतःला मोजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो? त्यानं तिला का नव्हतं मोजलं? सकाळपासून तर मोजत होता. काकू होती तोवर मोजत होता.

बसच्या त्या टोकाला तो उभा होता, माईक खाली सोडलेला, टोपी मागे सरकलेली. "आई," तो म्हणाला, "तू."

डॉक्टर आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिल्या. मामांनी गाडी सुरू केली. तिनं ती दोन बोटं हळूच आपल्या छातीवर टेकवली, आणि पहारेकऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "एकोणीस."